वहीतले चुकलेले रकाने: अंगावर पाजायला शिकताना

मी हिशेब तपासणारी बाई. आकडे जुळल्याशिवाय मला झोप लागत नाही. म्हणून लेक झाली त्याच रात्री नवऱ्याला वही आणायला लावली आणि रकाने आखले: वेळ, डावी, उजवी, मिनिटं. तिसऱ्या दिवशी सकाळी एक वयस्कर सिस्टर आल्या. उशाशी वही उघडीच होती. त्यांनी ती वाचली आणि 'मिनिटं' या रकान्यावर सरळ काट मारली. "पोटात किती गेलं ते यातून कळत नाही हो. बाहेर काय आलं ते लिहा." मग शेजारी स्वतःच दोन रकाने आखून दिले, शू आणि शी.

तेव्हा मला राग आला होता. माझ्या वहीत दुसऱ्याने काटछाट केलेली मला आजही चालत नाही. पण पहिल्या महिन्यात मला रोज छळणारा प्रश्न एकच होता, "हिला पुरतंय का?" आणि त्याचं खात्रीचं उत्तर त्या दोनच रकान्यांत मिळालं. छाती मऊ लागते की घट्ट, बाळ पाच मिनिटं प्यायलं की चाळीस, पंपाने किती निघालं, या सगळ्यावरून मी काढलेले अंदाज चुकले.

तर आधी तो हिशेब. पहिल्या दिवशी एक ओलं लंगोट, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, असं वाढत जायला हवं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत निदान सहा, तीही चांगली जड, आणि शू फिकट. डायपर वापरत असाल तर ओलं-कोरडं पटकन समजत नाही. मी एका कोऱ्या डायपरमध्ये तीन मोठे चमचे पाणी ओतलं आणि ते हातात धरून वजन लक्षात ठेवलं. पहिल्या दोन-तीन दिवसांत लंगोटावर विटकरी-नारिंगी डाग दिसला तर दचकू नका. चौथ्या-पाचव्या दिवशीही तो दिसत असेल तर मात्र दूध कमी जातंय असं समजा आणि दाखवून या.

शीचा रंग तर घड्याळासारखा बदलतो. पहिली काळी, डांबरासारखी चिकट. मग हिरवट. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी, पातळ, बारीक कण असलेली, दिवसातून तीन-चारदा. पहिल्यांदा पिवळी दिसली तेव्हा मी ते लंगोट नवऱ्याला बोलावून दाखवलं. माणूस कशाने आनंदेल याचा नेम नाही. (सहाएक आठवड्यांनंतर काही बाळं दोन-चार दिवस शी करतच नाहीत. बाळ मजेत असेल, वजन वाढत असेल आणि शी मऊ असेल, तर त्यात काळजीचं काही नसतं.)

वजनाचंही सांगून टाकते. जन्मानंतर ते आधी उतरतं. पाच-सात टक्के उतरणं नेहमीचंच. दहा टक्क्यांच्या आसपास गेलं तर डॉक्टर पाजणं नीट तपासतात. साधारण १० ते १४ दिवसांत बाळ जन्माच्या वजनावर परत येतं. आमची ३ किलो १०० ग्रॅमची लेक चौथ्या दिवशी २ किलो ९०० ग्रॅमवर आली आणि मी रडले. गणित केलं असतं तर साडेसहा टक्केच निघाले असते. पण त्या दिवशी गणितसुद्धा सुचत नव्हतं.

पहिल्या दोन-तीन दिवसांत जे येतं तो चीक. दाट, पिवळसर आणि इतका थोडा, की माझ्यासारखीला वाटावं, "एवढंच?" होय, एवढंच. पहिल्या २४ तासांत बाळ एका वेळी साधारण २ ते १० मिलीलीटर पितं, म्हणजे जास्तीत जास्त दोन लहान चमचे. त्याला तेवढंच झेपतं. संसर्गापासून वाचवणारे घटक चिकात ठासून भरलेले असतात आणि ती काळी शी बाहेर पडायलाही त्याची मदत होते. वार पडली की शरीरातलं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन झपाट्याने उतरतं आणि त्यानंतर दोन ते पाच दिवसांत भरपूर दूध उतरू लागतं. सिझेरियन, लांबलेली प्रसूती, जास्त रक्तस्राव किंवा मधुमेह असेल तर थोडा उशीर होऊ शकतो. माझं सिझेरियन होतं. दूध चौथ्या रात्री उतरलं.

शक्य असेल तर पहिल्या तासाभरातच बाळाला छातीशी घ्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मला ते जमलं नाही, तीन तास गेले. त्याने सगळं बिघडत नाही. पुढचे दिवस बाळाला फक्त लंगोटावर ठेवून उघड्या छातीवर घ्यायचं, वरून पांघरूण, आणि त्याला स्वतःहून शोधू द्यायचं. आमची लेक डोकं आपटत आपटत सरकायची, एखाद्या चिडलेल्या म्हाताऱ्यासारखी, आणि पोचायची.

आता पकड. इथे मी रेंगाळणार आहे, कारण माझी निम्मी दुखणी इथेच उगवली आणि इथेच मिटली.

मला वाटायचं, बाळ निपल तोंडात घेतं आणि चोखतं. तसं नसतं. बाळाने निपल आणि त्याभोवतीच्या काळसर भागाचा मोठा घास घ्यायचा असतो, म्हणजे निपल आत खोलवर मऊ टाळूपर्यंत पोचतं. घास अपुरा असला की निपल जीभ आणि कडक टाळूच्या मध्ये चिरडतं. बाहेर आल्यावर ते गोल दिसण्याऐवजी एका बाजूने तिरकं, नव्या लिपस्टिकच्या टोकासारखं दिसतं. माझं उजवं पाचव्या दिवसापर्यंत असंच निघायचं आणि सहाव्या दिवशी फाटलं. पहिले काही सेकंद ओढ बसल्यासारखं दुखणं सुरुवातीला होतं. पण ओठ चावून, पायाची बोटं वळवून अख्खं पाजणं काढायला लागत असेल, तर पकड चुकतेय. "सवय होईल" हा सल्ला मला तिघींनी दिला. तिघी प्रेमाने बोलल्या आणि तिघीही चुकल्या.

आधी स्वतः बसा. पाठीला टेकू, पायाखाली काहीतरी, हाताखाली उशी. बाळाकडे वाकायचं नाही, बाळाला आपल्याकडे आणायचं. बाळाचं पोट तुमच्या अंगाला लागलेलं हवं, आणि कान, खांदा, कंबर एका रेषेत. मान वळवून पाणी पिऊन बघा, म्हणजे कळेल बाळाला काय होतं ते. बाळाचं नाक निपलच्या समोर ठेवा, तोंड नव्हे. निपल वरच्या ओठावर हलकेच फिरवा आणि थांबा. हे थांबणं अवघड असतं. बाळ तोंड थोडं उघडतं, मिटतं, परत उघडतं आणि मग एकदा जांभईएवढं मोठं आ करतं. त्या क्षणी त्याला जवळ ओढा, हनुवटी आधी टेकेल असं. डोक्यामागे हात लावून दाबू नका, ते उलट मागे रेटतं. हाताचा तळवा खांद्यांच्या मधोमध आणि बोटं मानेला आधार देणारी, एवढं पुरतं.

बरोबर लागलं असेल तर हनुवटी छातीत रुतलेली असते, नाक मोकळं असतं, खालचा ओठ बाहेर वळलेला असतो आणि काळसर भाग वरच्या ओठापाशी जास्त, खालच्या ओठापाशी कमी दिसतो. गाल आत ओढले जात नाहीत. आधी भराभर चोखणं, मग पान्हा फुटला की संथ, लांब ओढ आणि गिळल्याचा हलका 'क्' असा आवाज. टकटक वाजत असेल तर पकड सुटतेय. चुकीचं लागलं तर बाळाला तसंच ओढून काढू नका. स्वच्छ करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून हिरड्यांमध्ये सरकवा, हवा शिरते आणि पकड सुटते. मग परत. सहाव्या दिवशी एकाच पाजण्यात मी हे सात वेळा केलं. सातव्यांदा दुखलं नाही. वहीत त्या ओळीपुढे मी फुली मारलीय, मोठी.

टाके असतील तर मांडीवर आडवं घेणं नकोसं होतं. मला बगलेतली पद्धत मानवली: बाळाचे पाय माझ्या काखेखालून मागे, डोकं हातात, पोटावर भार नाही. रात्री कुशीवर झोपून. छाती जड असेल किंवा पान्हा जोरात येऊन बाळ ठसकत असेल तर मागे रेलून बसा आणि बाळाला वर पालथं घ्या. आणि निपल सपाट असेल म्हणून आधीच हात टेकू नका, बाळ निपलवर नाही, स्तनावर पितं.

फाटलेल्या निपलवर पाजल्यानंतर थोडं दूध चोळून वाळू द्यावं किंवा शुद्ध लॅनोलिन लावावं. साबण लावू नये. पण पकड सुधारली नाही तर कुठलंही मलम पुरत नाही. पकड बरोबर दिसत असूनही दुखतच असेल तर बाळाची जीभ खालून बांधलेली आहे का, ते जाणकाराकडून बघून घ्या.

किती वेळा पाजायचं? २४ तासांत ८ ते १२ वेळा, आणि त्यांच्यातलं अंतर सारखं नसतं. रडण्याची वाट बघू नका, रडणं ही शेवटची हाक आहे. त्याआधी बाळ ओठ चाटतं, मान वळवून शोधतं, मुठी तोंडात घालतं. रडून लालबुंद झालेलं बाळ नीट तोंड लावत नाही, त्याला आधी शांत करावं लागतं. उलट पहिल्या दिवसांत खूप झोपाळू बाळ असेल तर तीन तासांनी उठवावं, निदान जन्माचं वजन परत येईपर्यंत. एक बाजू ते स्वतः सोडेपर्यंत पिऊ द्या, मग दुसरी पुढे करा. घेतली तर घेतली. पुढच्या खेपेला आधी दुसरी बाजू. ब्राच्या पट्टीला पिन लावून मी लक्षात ठेवायचे. लावायला विसरायचे ते वेगळं.

आणि मग संध्याकाळ. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आमच्याकडे सहाला सुरू व्हायचं ते दहापर्यंत. प्यायली, सोडली, किंचाळली, परत प्यायली, दहा मिनिटं झोपली, परत. छाती मऊ, रिकामी वाटायची. सासूबाई दारातून म्हणायच्या, "अगं, पुरत नाहीये गं तिला. वरचं दे थोडं." त्या वाईट बोलत नव्हत्या. त्यांना नातीचं रडणं ऐकवत नव्हतं, मलाही नव्हतं. पण मी वही उघडली. त्या दिवसाच्या रकान्यात सात शू आणि चार शी होत्या, वजन आठवड्यात १८० ग्रॅमने वाढलं होतं. मी वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून वाचली आणि म्हणाल्या, "मग रडते का ही?"

रडते कारण बाळं संध्याकाळी तशीच असतात. थोड्या थोड्या वेळाने सारखं पितात आणि त्यातून उद्याच्या दुधाची मागणी नोंदवतात. दुधाचा कारखाना मागणीवर चालतो. दूध जितकं निघेल तितकं बनतं, तुंबून राहिलं की बनण्याचा वेग मंदावतो. म्हणूनच विनाकारण दिलेली बाटली महाग पडते. बाळ तेवढा वेळ झोपतं, एक पाजणं चुकतं, शरीर समजतं एवढं नको आहे, आणि दोन दिवसांनी खरंच कमी पडतं. तिसरा आठवडा, सहावा आठवडा आणि तिसरा महिना यांच्या आसपास असे भुकेले दिवस येतात. दोन-तीन दिवस सोसा. आणि मऊ छाती म्हणजे रिकामी छाती नव्हे. काही आठवड्यांत शरीराला अंदाज येतो आणि ती घट्ट होणं थांबतं.

पण वही उलटं सांगत असेल, म्हणजे शू कमी, वजन वाढत नाही, बाळ सुस्त आणि उठवूनही उठत नाही, कावीळ वाढतेय, तोंड कोरडं, तर सोसत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप असेल तरी तसंच. आणि काही आयांना खरोखर दूध कमी असतं. थायरॉइड, हार्मोनचे काही आजार, स्तनांची झालेली शस्त्रक्रिया, वारेचा आत राहिलेला तुकडा, कारणं असतात. अशा वेळी आधी काढलेलं दूध, नाहीतर पावडरचं दूध द्यावं लागतं आणि त्यात शरमेची गोष्ट काहीही नाही. उपाशी बाळाला पिण्याचीही ताकद उरत नाही, म्हणून पोट भरणं पहिलं.

चौथ्या रात्री दूध उतरलं ते असं, की छाती काखेपर्यंत दगड झाली. काळसर भाग इतका ताणला की लेकीला पकडताच येईना. तेव्हा दोन्ही हातांची बोटं निपलच्या भोवती ठेवून छातीच्या दिशेने आत मिनिटभर हलकेच दाबून ठेवायचं. सूज मागे सरकते, तो भाग मऊ होतो, मग बाळाला लावायचं. तरीही जमत नसेल तर हाताने थोडंच काढायचं. अंगठा आणि बोटं निपलपासून तीनेक सेंटिमीटर मागे, आधी छातीकडे, मग एकमेकांकडे दाबायची आणि सोडायची. त्वचेवर घासायचं नाही. पाजून झाल्यावर थंड पट्ट्या. पंप लावून सगळं रिकामं करायचा मोह होतो. मी केला आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट भरून आलं. मागणी मीच नोंदवली होती, तक्रार कोणाकडे करणार?

एका जागी लाल, दुखरा, गरम पट्टा उठला, अंग मोडून आलं, थंडी वाजून ताप चढला, तर स्तनदाह समजावा. पाजणं थांबवायचं नाही, ते दूध बाळाला बाधत नाही. गाठ जोरात चोळायची नाही, त्याने आतली सूज वाढते. पूर्वी रगडायला सांगायचे, आता डॉक्टर नको म्हणतात. थंड शेक, विश्रांती, डॉक्टरांनी दिलेलं वेदनाशामक, आणि २४ तासांत उतार नसेल किंवा ताप जास्त असेल तर लगेच दाखवायचं. प्रतिजैविक लागू शकतं आणि पाजताना चालणारी प्रतिजैविकं असतात. एकूणच औषध सुरू झालं म्हणून आपणहून पाजणं बंद करू नका, आधी विचारा. बहुतेक वेळा पाजता येतं.

पहिल्या आठवड्यात पाजायला घेतलं की ओटीपोटात कळा यायच्या. मला वाटलं टाक्यांचं काही बिघडलं. तसं नव्हतं. बाळ ओढतं तेव्हा ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन सुटतं, त्यानेच पान्हा फुटतो आणि त्यानेच गर्भाशय आकसतं. पान्हा फुटताना झिणझिण्या येतात, अचानक तहान लागते, दुसऱ्या बाजूनेही गळतं. काही जणींना काहीच जाणवत नाही, तरी दूध येत असतं. काहींचं मात्र पान्हा फुटण्याआधी मिनिटभर मन अगदी खचतं आणि मग आपोआप निवळतं. ते शरीराचं असतं, आईपणाचं अपयश नाही. पहिल्या दोन आठवड्यांतलं येता-जाता रडणं बहुतेकींना होतं. दोन आठवड्यांपुढे ते चालूच राहिलं, बाळ झोपलं तरी झोप येत नसेल, कशातच रस वाटत नसेल, तर डॉक्टरांना सांगा.

नवऱ्याने काय करायचं? माझ्याकडे त्याची तीन कामं होती: बाळाला माझ्यापर्यंत आणणं, पाण्याची बाटली भरलेली ठेवणं, प्यायल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढणं. चौथं मी नंतर दिलं: भेटायला आलेल्यांना वेळेत उठवणं.

रात्री पाजणं टाळू नका, दूध बनवणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. पण डुलक्या येत असताना सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला घेऊन बसू नका. झोप लागली तर बाळ गादीच्या फटीत दबण्याचा धोका तिथे सगळ्यात मोठा असतो. माझ्या वहीत तेविसाव्या रात्री 'पहाटे ४, डावी' लिहिलंय आणि पुढे पेनाची रेघ वाकडीतिकडी पानाच्या कडेपर्यंत गेलीय. मी खुर्चीत होते. लेक नवऱ्याने वेळेवर उचलली. त्या दिवसापासून खुर्ची रात्री दाराबाहेर.

सहा महिने फक्त अंगावरचं दूध. पाणीसुद्धा नाही, उन्हाळ्यातही नाही, कारण दुधात जवळपास ८७ टक्के पाणीच असतं. ड जीवनसत्त्व मात्र दुधातून पुरेसं मिळत नाही, त्याचे थेंब डॉक्टर देतात, सहसा रोज ४०० युनिट. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू करून दोन वर्षांपर्यंत किंवा पुढेही पाजता येतं.

कामावर परतायचं असेल तर महिनाभर पाजणं रुळल्यावर पंप हातात घ्या. पहिल्या दिवशी माझे ३० मिलीलीटर निघाले. पंपापेक्षा बाळ कितीतरी चांगलं ओढतं, म्हणून त्या आकड्यावरून तुमचं दूध मोजू नका. काढलेलं ताजं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास, फ्रिजमध्ये मागच्या बाजूला चार दिवस, फ्रीझरमध्ये सहा महिने चांगलं राहतं. फ्रीझरमधून काढलेलं फ्रिजमध्ये पूर्ण वितळलं की २४ तासांत वापरायचं, परत गोठवायचं नाही. कोमट पाण्यात भांडं ठेवून गरम करायचं, मायक्रोवेव्हमध्ये नाही, त्याने कुठे कढत कुठे गार राहतं. वर साय साचली तर हलकेच फिरवून मिसळा. बाळाने तोंड लावून उरलेलं दोन तासांच्या आत संपवा, नाहीतर टाका. टाकताना जीव जातो, माहीत आहे.

प्रत्येक डब्यावर तारीख हवी. मी वहीची उरलेली कोरी पानं कापून त्याच्या चिठ्ठ्या केल्यात. जुनी पुढे, नवी मागे.